हस्ताचा सूर्य आणि लंडनची टेकडी

सप्टेंबरच्या 22-23 तारखेला, दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा, मी लंडनच्या प्रिमरोज हिलवर जाते. तिथे ड्रुइड मंडळी, म्हणजे ब्रिटनच्या प्राचीन पुजाऱ्यांचं नाव घेऊन निसर्गाची पूजा करणारी माणसं, शरद संपात साजरा करतात. पांढरे झगे घातलेली माणसं रांगेनं टेकडी चढतात, गोल करून उभी राहतात, शिंग फुंकतात, पिकलेली फळं आणतात. वेळ साधारण दुपारी एकची. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तोच एकच्या सुमारास.

गेल्या वर्षी त्याचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. काकांनी लिहिलं, "बघ, युरोप पुन्हा सनातन धर्माकडे वळतोय." मावसभावाचं म्हणणं उलट: "सगळं बनावट. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी रचलेलं." दोघांशी त्या रात्री बराच वेळ बोलले, आणि दोघांचंही मला पटलं नाही.

काकांना वाटतं तसं हे आपल्याकडे वळणं नाही. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 74,000 लोकांनी आपला धर्म 'पेगन', म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीची निसर्गपूजा मानणारा, असा लिहिला. 2011 मध्ये तो आकडा 57,000 होता. ही माणसं स्वतःच्याच मातीतलं, स्वतःच्याच ऋतूंमधलं काहीतरी शोधताहेत. त्यांच्या शोधावर आपली पाटी लावणं मला अन्यायाचं वाटतं.

मावसभावाची माहिती मात्र खरी आहे. या सणाला अनेक पेगन 'मेबन' म्हणतात. ते नाव वेल्श पुराणकथेतलं, पण या दिवसाला ते दिलं एका अमेरिकन माणसानं, 1970 च्या दशकात. ड्रुइडांचं 'अल्बान एल्फेड' हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिणाऱ्या योलो मॉर्गनग या वेल्श कवीकडून आलेलं, आणि त्यानं प्राचीन म्हणून खपवलेलं बरंच काही त्याचं स्वतःचंच होतं हे आता सिद्ध झालंय. चर्चमधला सुगीचा सण तरी कुठे फार जुना? कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावच्या पाद्रीनं 1843 मध्ये त्याचं आजचं रूप सुरू केलं. टेकडीवर भेटलेल्या एका आजींना मी मेबन या नावाबद्दल विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. "नाव नवं आहे, सूर्य नाही," एवढंच म्हणाल्या.

आपल्याकडे सणाचं वय म्हणजे जणू त्याची लायकी. 2017 मध्ये पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाची 125 वर्षं साजरी होताना वाद कशावरून पेटला? सुरुवात टिळकांची की भाऊ रंगारींची, 1893 की 1892, यावरून. इतिहास नीट तपासायलाच हवा, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण सण का करायचा, याचं उत्तर त्या एका वर्षाच्या फरकात सापडत नाही.

इथे ते उत्तर अंगावर येतं. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरचा आठ तासांहूनही लहान. संपाताच्या सुमारास उजेड रोज जवळपास चार मिनिटांनी कमी होतो. इथल्या पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडायचा आणि मी खिडकीशी बसून रडायचे. तो उजेड जाण्याआधी चार माणसांनी एकत्र उभं राहावं, ही गरज मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. पुण्या-मुंबईत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. आपण ऋतू मोजतो ते पावसानं.

म्हणूनच आपलं शरदाचं गोल रिंगण पावसाचं आहे. सूर्य हस्त या पावसाच्या नक्षत्रात जातो तो 27 सप्टेंबरच्या सुमारास, संपातानंतर चार-पाच दिवसांनी. तिथपासून सोळा दिवस हादगा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, आणि शेवटी खिरापत ओळखायची. साताऱ्याला आमच्या वाड्यात मी हे सोळाही दिवस केलंय. भोंडला म्हणून तो नवरात्रात चंद्राच्या तिथीवर खेळतात, पण हादगा सूर्य बघून चालतो. आपल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेतही 23 सप्टेंबर म्हणजे 1 आश्विन. 1957 पासून ती अमलात आहे, आकाशवाणीवर ती तारीख रोज सांगतात, आणि तरी संपाताचा तो दिवस आपल्या घरांत कुणाच्या लक्षातही येत नाही.

काका आणि मावसभाऊ, दोघांच्याही घरी आता हादगा होत नाही. वाद मात्र दरवर्षी होतो. मला याचं फार वाईट वाटतं. कारण दोघांच्याही आयांनी मला गाणी शिकवलीत.

यंदा टेकडीवरच्या त्या आजींना मी 27 तारखेला घरी बोलावलंय. पाट नाही, तेव्हा कणकेच्या परातीच्या पाठीवर खडूनं हत्ती काढणार आहे. पहिला दिवस, म्हणजे गाणं एकच. खिरापत त्यांच्या बागेतल्या सफरचंदांची, पण ते त्यांनाच ओळखायला लावायचंय, म्हणून ती आधी किसून शिऱ्यात घालेन.