मंदीत बॅट स्वस्त का होत नाही

मंदी आली की हातानं घडवलेली बॅट स्वस्त व्हायलाच हवी, असं सांगलीतल्या माझ्या जुन्या क्लबच्या मंडळींचं ठाम मत आहे. सप्टेंबर 2025 मध्ये क्रीडासाहित्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तिकडे तासगावच्या बागायतदारांचे पैसे अडकलेले, ऊसबिलं लांबलेली, दुकानात गिऱ्हाईक कमी. तरी इंग्लिश विलोची, म्हणजे इंग्लंडात वाढणाऱ्या विलो झाडाच्या लाकडाची बॅट किमतीत म्हणावी तशी उतरत नाही. मग फोनवर दोन तट पडतात. एक म्हणतो, दुकानदार लुटतायत. दुसरा म्हणतो, कारागिरांचे लाड पुरे झाले, सगळं मशीनवर काढा. मी राहतो इंग्लंडमध्ये, चेम्सफर्डला. या बॅटींचं लाकूड ज्या एसेक्समध्ये वाढतं, तिथंच. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि त्या का चुकीच्या वाटतात हे एकदा सविस्तर लिहायला हवं होतं.

सुरुवात झाडापासून करतो. इथं ओढ्यांच्या काठानं, ओलसर जमिनीत विलोची झाडं रांगेनं लावलेली दिसतात. खोडाला गाठ राहू नये म्हणून कोवळे फुटवे वेळच्या वेळी खुडून टाकतात. लावल्यापासून साधारण 15 ते 20 वर्षांनी झाड तोडायला येतं. खोडाचे ओंडके करतात, ते रेषेवर फोडतात, फोडींची टोकं मेणात बुडवतात म्हणजे लाकूड घाईनं सुकून तडकत नाही. अशा फोडीला क्लेफ्ट म्हणतात. शेजारच्या ग्रेट लीज गावातली जे. एस. राइट अँड सन्स ही कंपनी 1894 पासून हेच काम करते आणि मेरठ-जालंधरच्या कारखान्यांपर्यंत तिच्या क्लेफ्ट जातात.

म्हणजे आज तुटणारं झाड 2008 च्या मागेपुढे लावलेलं आहे. त्या वर्षी ज्यानं मंदीला घाबरून हात आखडता घेतला असेल, त्याच्या शेतात आज तोडायला झाड नाही. आपल्याकडे उसाचा भाव पडला तर शेतकरी दीड-दोन वर्षांत दुसऱ्या पिकाकडे वळू शकतो. विलोवाल्याला ती सोय नाही. मागणी घटली म्हणून झाड मागे नेता येत नाही, वाढली म्हणून पुढे ओढता येत नाही.

2008 चंच उदाहरण घेऊ. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि पौंड घसरत गेला. 2007 च्या नोव्हेंबरात दोन डॉलरच्या वर असलेला पौंड 2009 च्या जानेवारीत 1.40 च्याही खाली आला. क्लेफ्ट पौंडात विकत घेणाऱ्यांची चंगळ व्हायला हवी होती. पण त्याच काळात रुपयाही डॉलरमागे चाळिशीवरून पन्नाशीकडे गेला. त्यामुळे रुपयांत पाहिलं तर पौंड साधारण ऐंशीवरून सत्तरीवर आला, म्हणजे आठवा हिस्सा बचत. आणि 2008 च्याच एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झाली होती. जाड कडांच्या, पोट फुगलेल्या बॅटी सगळ्यांना हव्याशा झाल्या. शेवटी 2017 मध्ये नियमानंच कडेला 40 मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. चांगल्या क्लेफ्टला अशी मागणी असताना नुसत्या मंदीनं किंमत कितीशी उतरणार?

मग मंदी जाते कुठे? ती लेबलावर दिसत नाही. माझ्या ओळखीचे इथले एक बॅटवाले आहेत, एकट्यानं काम करतात. हात आखडले की त्यांची किंमत तीच राहते, पण त्यांच्याकडची ऑर्डरींची यादी आखूड होते. एरवी महिनोन्महिने थांबावं लागणारी बॅट लवकर मिळते. गिऱ्हाईक टिकवायला ते नॉकिंग, म्हणजे नवी बॅट ठोकून खेळण्याजोगी करणं, फुकट करून देतात, वर कव्हर देतात. किंमत पाडत नाहीत, कारण गेल्या हंगामात पूर्ण पैसे मोजलेला माणूस दुखावतो आणि एकदा खाली आणलेला आकडा पुन्हा वर नेता येत नाही. जुन्या बॅटींच्या बाजारात मात्र भाव खरोखर उतरतो. हौसेनं दोन-तीन चांगल्या बॅटी बाळगणारा माणूस अडचणीत पहिल्यांदा त्याच काढतो.

आणि दुरुस्ती वाढते. 2020 च्या उन्हाळ्यात इथलं क्लब क्रिकेट जुलैपर्यंत बंद होतं, तेव्हा या गृहस्थांना नव्या बॅटीची ऑर्डर जवळजवळ नव्हती. त्यांना तगवलं ते हँडल बदलायला आणि चिरलेली कड सांधायला आलेल्या जुन्या बॅटींनी. त्यांच्या भिंतीवर दुरुस्तीचा दर लिहिलेला असतो आणि त्यावर कोणी घासाघीस करत नाही.

सांगलीत गावभागातले एक सुतारकाका आठवतात. बॅटीचं हँडल ते असं बसवत की सांधा बोटाला लागायचा नाही. पटाशीनं खाच साफ करायची, सरस लावायचा, वरून सुतळी ओढून बांधायची, दोन दिवस हात लावू द्यायचा नाही. टंचाईचं वर्ष असलं की त्यांच्याकडे गर्दी वाढायची आणि मिळकत मात्र घटायची, कारण प्रत्येक जण म्हणायचा, "काका, औंदा जरा कमी करा." काका करायचे. त्यांचा मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला लागला, आणि त्याला कोणत्या तोंडानं दोष द्यायचा? मंदीचा खरा भुर्दंड असा चुकता होतो. बॅट आहे त्या किमतीला राहते आणि ती घडवणाऱ्याच्या, सांधणाऱ्याच्या घरातून पुढची पिढी बाहेर पडते.

हे शेवटपर्यंत गेलं तर काय होतं, ते इंग्लंडनं पाहिलंय. इथल्या हेरिटेज क्राफ्ट्स असोसिएशननं 2017 मध्ये धोक्यातल्या हस्तकलांची पहिली यादी काढली. ब्रिटनमधून संपलेल्या म्हणून त्यात चार कला होत्या, त्यातल्या दोन खेळाच्या साहित्याच्या: क्रिकेटचा चेंडू हातानं शिवणं आणि लॅक्रॉस या जाळीच्या काठीनं खेळायच्या खेळाची काठी घडवणं. ज्या देशानं जगाला क्रिकेट दिलं, तिथं चेंडू शिवणारा हात उरला नाही. हे वाचल्यावर मला फार वाईट वाटलं होतं, आणि पहिला विचार सांगलीचाच आला.

मशीनवाल्यांना एवढंच सांगतो. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कोरणारं मशीन आकार छान काढतं, ते वापरूही द्या. पण दोन क्लेफ्ट कधी सारख्या वजनाच्या नसतात. सारख्या मापानं कोरल्या तर एक हातात हलकी येईल, दुसरी जड. कुठं अजून एक रंधा मारायचा हे कारागीर बॅट उचलून ठरवतो.

लुटीची तक्रार करणाऱ्यांना मात्र खरंच पैसे वाचवायचे असतील तर एक मार्ग आहे. इंग्लिश विलोची प्रतवारी बरीचशी दिसण्यावर होते: रेघा सरळ, लाकूड पांढरं, डाग नको. डाग असलेली किंवा कमी रेघांची तिसऱ्या-चौथ्या प्रतीची क्लेफ्ट खेळायला अनेकदा तितकीच चांगली निघते. पालकांनी मुलांसाठी ती घ्यावी. चांगली जुनी बॅट घ्यायलाही कमीपणा मानू नये. आपल्या स्मृती मानधनानं 2013 मध्ये महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध नाबाद 224 केल्या, त्या राहुल द्रविडनं तिच्या भावाला दिलेल्या बॅटीनं. आज तिला पाहून सांगलीतल्या कितीतरी मुली खेळायला येतायत. त्यांच्या घरच्यांना पहिल्या प्रतीच्या बॅटीच्या किमतीनं धास्तावून सोडणं हा अन्याय आहे.

काश्मिरी विलोलाही आपण दुय्यम मानणं सोडायला हवं. अनंतनागजवळच्या संगम-हलमुल्ल्याच्या कारखान्यांवर आपलं बरंचसं टेनिसबॉल क्रिकेट उभं आहे. पण तिथले शेतकरी विलोच्या जागी लवकर वाढणारा पॉप्लर लावू लागलेत. आपण किंमत पाडून मागत राहिलो तर ते आणखी वेगानं तिकडे वळतील.

क्लबच्या मंडळींपुढे मी एक प्रस्ताव ठेवलाय. इथले क्लब हिवाळ्यात, मैदान बंद असताना, पुढच्या हंगामाच्या ऑर्डरी देतात, त्यामुळे कारागिराचे रिकामे महिने भरून निघतात. आपला रिकामा काळ पावसाळा. तर जूनमध्ये सगळ्यांनी मिळून एकाच कारखान्याला थेट ऑर्डर द्यायची, डाग असलेल्या क्लेफ्ट चालतील असं स्पष्ट सांगायचं, अर्धे पैसे आगाऊ द्यायचे. मधले दलाल गेले की बॅट आपोआप परवडेल. वाचलेल्या पैशांतून सांगलीत हँडल बसवायला शिकणाऱ्या एखाद्या पोराला वर्षभर ठरलेला दर द्यायचा, त्यात घासाघीस नाही. पहिल्या वर्षाचा माझा वाटा मी पाठवतोय. कोणाकडे ऑर्डर द्यायची ते तुम्ही ठरवा.