“पट्टा चालतो, मूल नाही” म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर. डोक्याला मार लागलेल्या मुलांच्या ट्रेडमिल ट्रेनिंगवर मी लिहिलं, त्यावर तुमची कमेंट: “आईच्या भावना ठीक आहेत, पण ट्रेडमिलवर पट्टा चालतो, मूल नाही, अंगणात चालवलं तरी तेवढाच फायदा, आणि मशीनवाल्यांची जाहिरात कशाला?” जाहिरातीच्या आरोपाला मी उत्तरही देणार नाही. पण “आईच्या भावना ठीक आहेत” हे काय असतं हो? मुद्दा खोडायचा तर खोडा, आईला आधी गप्प बसवून मग बोलायची गरज काय?

आता पट्ट्याचं. टेकलेला पाय पट्टा मागे नेतो, बरोबर, आणि तेच तर हवं असतं. पाय मागे जाऊन खुब्यात ताण आला आणि त्या पायावरचा भार कमी झाला की पाऊल उचलायचा इशारा मज्जारज्जूला मिळतो. मांजरांचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडल्यावरही सरावाने त्यांचे मागचे पाय पट्ट्यावर पावलं टाकायला लागले होते. मग मेंदूचं काय म्हणाल, तर बाल्टिमोरच्या टीमचा 2009 चा अभ्यास वाचा, ऑपरेशनने मेंदूचा एक अख्खा अर्धगोल काढलेली 10 मुलं, वय 6 ते 18, दोन्ही पायांखाली वेगवेगळ्या स्पीडचे पट्टे. काहींना पावलांचं टायमिंग नीट जुळवता आलं नाही, पण पाऊल कुठे टाकायचं ते त्यांनी जुळवून घेतलं. नुसता पट्टाच चालत होता तर हे जुळवून कोण घेत होतं?

अंगणाचं थोडं मान्य. मेलबर्नला 34 मुलांवर ट्रायल झाली, 2010 मध्ये छापून आली, त्यात हार्नेसवाली (म्हणजे अंगाला बांधून थोडं वजन वरून पेलणारी) ट्रेडमिल जमिनीवरच्या सरावापेक्षा सरस ठरली नाही. पण ती मुलं सेरेब्रल पाल्सीची (जन्माच्या आसपास मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम झालेली) होती, ॲक्सिडेंटची नाही.

माझी मुलगी गाडीवरून पडली, नंतर डावा पाय ओढत चालायची, टाच टेकायचीच नाही. फिजिओताई हार्नेस बांधून, स्पीड अगदी कमी ठेवून, बाजूला स्टुलावर बसून एकेक पाऊल हाताने टेकवून घ्यायच्या. आज ती शाळेचा जिना कठडा न धरता चढते. तुम्ही असं एक तरी मूल जवळून बघितलंय का? नसेल तर निदान आवाज खाली ठेवा.

आणि ही कमेंट वाचून घाबरून मला मेसेज केलेल्या आयांनो, चालू असलेलं ट्रेनिंग बंद करू नका. फक्त घरी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आणि मुलाला फिट येत असेल तर आधी न्यूरोच्या डॉक्टरांना सांगा.