ब्लॉक कापण्यासाठी तो फोडावा लागत नाही

ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो: "ब्लॉक ट्रिम होत नाही, म्हणून आधी एक्सप्लोड करा. एक्सक्लिपने भाग फक्त स्क्रीनवर लपतो, प्रिंटमध्ये परत येतो. एक्सप्लोडने काही बिघडत नाही. तेही नको असेल तर वर वाइपआउट टाका." ब्लॉक म्हणजे नाव देऊन एकत्र बांधलेली आकृती. ट्रिम म्हणजे रेषा कापणं, एक्सप्लोड म्हणजे ब्लॉक सुट्या रेषांमध्ये फोडणं, एक्सक्लिप म्हणजे सीमा आखून ब्लॉकचा काही भाग लपवणं, आणि वाइपआउट म्हणजे खालचं झाकणारा कोरा तुकडा. सल्ल्यातले पहिले चार शब्द खरे आहेत. पुढचं मात्र चांगली ड्रॉइंग नासवणारं आहे.

आधी खऱ्या भागाबद्दल. ड्रॉइंगमध्ये बसवलेल्या ब्लॉकजवळ स्वतःच्या रेषा नसतात. त्याच्याकडे नाव, जागा, स्केल, कोन अशी माहिती असते. रेषा असतात त्या मूळ व्याख्येत. तिथली एक रेषा कापली की त्या नावाचे सगळे ब्लॉक बदलणार, म्हणून ट्रिम नकार देते. पण तुम्हाला खरंच ब्लॉक कापायचा आहे का? बऱ्याचदा भिंतीची रेषा दाराच्या ब्लॉकपाशी तोडायची असते, आणि तेवढ्यासाठी बिचारा ब्लॉक फोडला जातो. ट्रिममध्ये ब्लॉक कापणारी कड म्हणून चालतो. आतली एखादीच रेषा कड म्हणून हवी असेल तर एक्सप्रेस टूल्स या जादा आदेशांच्या संचातली बीट्रिम आहे.

आता एक्सक्लिप. कापलेला भाग प्रिंटमध्ये येत नाही. येते ती क्लिपची चौकट, तीही एक्सक्लिपफ्रेम या सेटिंगची किंमत 1 असेल तरच. 0 ठेवली तर चौकट दिसतही नाही, छापलीही जात नाही. 2 ठेवली तर दिसते, पण छापली जात नाही. किंमत बदलूनही चौकट हटत नसेल तर फ्रेम हे व्हेरिएबल पाहा. ते 3 नसेल तर एक्सक्लिपफ्रेमचं चालत नाही. क्लिप कुणी मुद्दाम बंद केली नाही, तर भाग "परत येतो" तो एकाच वेळी: क्लिप केलेला ब्लॉक कुणी एक्सप्लोड केला की क्लिप नाहीशी होते आणि अख्खी आकृती समोर उभी राहते. म्हणजे दोष पुन्हा एक्सप्लोडचाच.

"काही बिघडत नाही" हे वाक्य मला सर्वात जास्त खटकतं. दाराच्या ब्लॉकमध्ये क्रमांकाचं अ‍ॅट्रिब्यूट (ब्लॉकसोबत भरायची माहिती) असेल, तर फोडल्यावर भरलेला क्रमांक जातो आणि त्याजागी नुसता टॅग, म्हणजे त्या माहितीच्या रकान्याचं नाव, उरतो. आत लेयर 0 वर (प्रत्येक ड्रॉइंगमधल्या मूळ थरावर) काढलेल्या रेषा ब्लॉकचा लेयर सोडून लेयर 0 वर जातात. रंग आणि जाडी लेयरवरून ठरत असेल तर प्रिंट बदलते. डायनॅमिक ब्लॉकचे ग्रिप, म्हणजे ओढून आकार बदलायचे बिंदू, जातात. दारं मोजायला डेटा एक्स्ट्रॅक्शन लावलं तर फोडलेलं दार यादीत येतच नाही, आणि ही चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण कागदावर दार जागच्या जागी असतं. उद्या दाराची व्याख्या सुधारली तर बाकी सगळी दारं बदलतील, ते एक जुनंच राहील. फोडायचंच असेल तर निदान बर्स्ट वापरा. त्यात अ‍ॅट्रिब्यूटची किंमत साध्या मजकुरात बदलते आणि लेयर टिकतो. मोजणी मात्र तरीही गेलीच.

वाइपआउट फक्त झाकतो. ड्रॉ ऑर्डर, म्हणजे काय वर आणि काय खाली याचा क्रम, बदलला की खालचं वर येतं, आणि ब्लॉकसोबत झाकायला नको असलेलं हॅचही (रेघांची भरणी) झाकलं जातं.

एक्सक्लिपच्या मर्यादा आहेत, आणि त्या या सल्ल्यात कुठेच नाहीत. सीमा सरळ रेषाखंडांची लागते, वर्तुळ चालत नाही. गोल डिटेलसाठी बऱ्याच बाजूंचा पॉलिगॉन काढून तो सीमा म्हणून निवडावा लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लपवलेला भाग फाइलमध्येच असतो. फाइल ज्याच्याकडे जाईल तो एक्सक्लिप ऑफ करून तो पाहू शकतो. तो भाग बाहेर जायलाच नको असेल तर ब्लॉक एडिटरमध्ये व्याख्या उघडा, आधी नव्या नावाने सेव्ह करा आणि मग तिथे ट्रिम करा. ट्रिम तिथे नेहमीसारखी चालते. नवा ब्लॉक जुन्याच्याच इन्सर्शन पॉइंटवर, त्याच स्केल आणि कोनात बसवा, अ‍ॅट्रिब्यूट भरा, जुना काढा, आणि तो दुसरीकडे वापरात नसेल तर पर्ज करा, म्हणजे त्याची व्याख्याही फाइलमधून काढून टाका.