झगझगणारा हिरवा दिवा आणि थरथरणारा हात : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मॉडेल रेल्वेच्या सिग्नलवरच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. १२ व्होल्टवर लाल, पिवळ्या, हिरव्या तिन्ही एलईडींना सरसकट १ के (१००० ओहम) रेझिस्टर सांगितल्यामुळे हिरवा दिवा टॉर्चसारखा झगझगतो. सर्वोने (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरने) चालणारा सेमाफोरचा (हाताच्या स्थितीने इशारा देणाऱ्या सिग्नलचा) हात थरथरतो, म्हणून सर्वो या कामाचाच नाही. आणि खांबाजवळची तार, वजन वगैरे निव्वळ सजावट आहे. पहिला आक्षेप पूर्ण मान्य, लेखात दुरुस्ती करतो. बाकीचे दोन मात्र पटले नाहीत.

१ के रेझिस्टरने लाल एलईडीतून सुमारे १० आणि हिरव्यातून ९ मिलीअँपिअर वाहतात. आकडे जवळपास सारखे, पण हल्लीचे हिरवे एलईडी तेवढ्याच करंटवर लालपेक्षा कितीतरी प्रखर दिसतात. लाल-पिवळ्याला ४.७ के आणि हिरव्याला १५ ते २२ के इथून सुरुवात करा. नेमका आकडा मात्र डोळ्यांनीच ठरवायचा. एलईडीला १ के आणि १०० केचं पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) एका ओळीत जोडा, लेआउटचे (मांडलेल्या मॉडेल रेल्वेचे) नेहमीचे दिवे लावा, हवा तेवढा उजेड आला की वीज बंद करून दोन्हींचा मिळून रेझिस्टन्स मोजा आणि त्याच्या जवळचा रेझिस्टर लावा. तिन्ही एलईडींच्या कॉमन (सामाईक) वायरवर एकच ४.७ के लावण्याचा तुमचा उपाय म्हणूनच अर्धवट आहे: त्यात रंगागणिक उजेड बदलता येत नाही, आणि दोन दिवे एकदम लावायची वेळ आली की दोन्ही मंदावतात किंवा एक विझल्यासारखा दिसतो.

आता थरथर. तुम्ही हात ओढणारी तार हॉर्नच्या (सर्वोवरच्या फिरत्या पट्टीच्या) टोकाच्या भोकात अडकवली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. दोष तिथेच आहे. हाताच्या मागची क्रँक (तार जिला जोडतात ती छोटी दांडी) २ मिमी असेल, तर हात ४५ अंश फिरायला तारेची ओढ फक्त दीड मिमी लागते. टोकाचं भोक केंद्रापासून १४ मिमीवर धरलं, तर सर्वो जेमतेम ६ अंश फिरतो. म्हणजे सर्वो १ अंश चुकला की हात ७ अंश हलणार! तीच तार ५ मिमीवर अडकवली की सर्वोला १८ अंश फिरावं लागतं आणि ती चूक अडीच अंशांवर येते. तिथे भोक नसेल तर बारीक ड्रिलने पाडा.

एवढं करूनही हात हलत असेल तर वीजपुरवठा बघा. सर्वो सुरू होताना एकदम बराच करंट खेचतो, आणि सर्वो चालवणाऱ्या कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरून तो दिला की व्होल्टेज कोसळतं. वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या, त्याचा आणि बोर्डाचा ग्राउंड एकत्र जोडा, सर्वोपाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा. प्रोग्राममध्ये ‘अटॅच’ (सर्वोला आज्ञा देणं सुरू) करण्याआधी ‘धोका’ची, म्हणजे आडव्या हाताची, स्थिती लिहून ठेवा, म्हणजे बोर्ड सुरू होताना सर्वो आधी मधल्या स्थितीकडे धावत नाही. हात जागेवर पोहोचल्यावर अर्ध्या सेकंदाने ‘डिटॅच’ (आज्ञा बंद) करा. पितळी हात इतका हलका असतो की गिअरच्या घर्षणानेच तो टिकून राहतो, आणि गुणगुणही थांबते.

वेगाकडे लक्ष द्या, ही कळकळीची विनंती. सर्वो १८ अंश फिरणार असेल तर दर ५० मिलिसेकंदांनी १ अंश द्या, म्हणजे हात जवळजवळ एका सेकंदात खाली पडतो आणि ‘जा’ दाखवतो. परत आडवा होताना मात्र वेग दुप्पट ठेवा आणि शेवटी एक लहानसा हेलकावा द्या, कारण खरा हात वजनाच्या जोरावर येऊन थांब्यावर आदळतो.

म्हणूनच तार आणि वजन ही सजावट नाही. तार ओढली की वजन उचललं जातं आणि हात पडतो. तार तुटली तर तेच वजन हाताला आडवा, म्हणजे ‘थांबा’वर आणतं. सर्वोची तार थेट हाताला न जोडता खांबाच्या बुडाशी असलेल्या वजनाच्या दांडीला जोडा आणि दांडीपासून वर ०.३ मिमीची पितळी सळई न्या. हात पडताना वजन वर जाताना दिसतं, आणि बघणाऱ्याला सिग्नल कशामुळे हलतोय ते कळतं.

खडी चिकटवण्यापूर्वी सर्वोच्या तारेच्या भोकात पितळी नळीचा तुकडा बसवा, खडीच्या वर २-३ मिमी राहील असा. पातळ केलेला पांढरा गोंद केशाकर्षणाने भोकात उतरतो आणि वाळला की तार जाम होते. त्यानंतर सर्वो कण्हत राहतो, आणि दोष पुन्हा त्याच्याच माथी येतो.