‘टायमर फेका, ब्रेक उशिरा मारा’ : एका फिरत्या मेसेजचा हिशोब

ट्रॅक डे, म्हणजे हौशी लोकांना रेसच्या ट्रॅकवर गाडी चालवू देण्याचा दिवस, जवळ आला की बाइकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: फोनचं जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगतं, म्हणून लॅप टाइम (ट्रॅकच्या एका फेरीचा वेळ) सेकंदभर चुकतो. सुधारणा बघायची तर स्ट्रेटच्या, म्हणजे सरळ पट्ट्याच्या, टोकाचा टॉप स्पीड बघा. वेळ कमी करायचा तर ब्रेक उशिरा मारा. हौशी माणसाला बेस्ट लॅप पुरे, डेटा हे फॅक्टरी टीमचं, म्हणजे गाड्यांच्या कंपन्यांच्या रेसिंग संघांचं काम. प्रत्येक मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो चटकन पटतो.

‘फोनचा लॅप टाइम सेकंदभर चुकतो’

फोनला साधारण सेकंदाला एक बिंदू मिळतो, हे खरं. ताशी १८० किमी म्हणजे सेकंदाला ५० मीटर, तेव्हा दोन बिंदूंमध्ये ५० मीटरची फट पडते. पण टायमिंगचं ॲप पुढच्या बिंदूची वेळ तशीच उचलत नाही. लॅप जिथे सुरू होतो आणि संपतो ती रेषा ॲपमध्ये आखलेली असते; तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू घेऊन रेषा ओलांडल्याची वेळ ते प्रमाणात काढतं. गाडी त्या सेकंदात ताशी १० किमीने वेग घेत असली, तरी या गणितातली चूक ४० सेंटीमीटरच्या आत राहते. त्या वेगाला हा सेकंदाचा शंभरावा भागही नाही.

खरी चूक जागेची असते. जीपीएस सहज २-३ मीटर इकडेतिकडे दाखवतं. ताशी १८० ला ३ मीटर म्हणजे ०.०६ सेकंद, पण ताशी ६० ला तेच ३ मीटर ०.१८ सेकंद होतात. तेव्हा प्रश्न रेषा कुठे आखली याचा आहे. ट्रॅकवर रंगवलेल्या फिनिश लाइनवरच ती हवी असं काही नाही. सर्वांत वेगवान सरळ पट्ट्याच्या मधोमध ठेवा, ब्रेकिंगच्या टप्प्यात ठेवू नका. ट्रॅकच्या दोन्ही कडांबाहेर थोडी न्या, पण शेजारून जाणारा ट्रॅकचा दुसरा भाग तिच्यात येऊ देऊ नका, नाहीतर एका फेरीत दोन लॅप मोजले जातील.

फोन कमी पडतो तो वळणात. ताशी ६० ला दर १७ मीटरला एक बिंदू मिळाला, तर वळणातला सर्वांत कमी वेग नेमका दोन बिंदूंच्या मध्ये हरवतो. वळणं तपासायची असतील तर १० किंवा २५ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला तितके बिंदू देणारा, वेगळा जीपीएस रिसीव्हर घ्या. रेसबॉक्स मिनी २५ हर्ट्‌झचा आहे आणि ब्लूटूथवर रेसक्रोनोसारख्या ॲपला जोडता येतो. हा रिसीव्हर बाइकच्या शेपटाकडच्या प्लास्टिकखाली चालतो, धातू किंवा कार्बन फायबरखाली नाही. फोन हँडलला लावू नका. मोटरसायकलच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याचा स्टॅबिलायझर बिघडू शकतो, असा इशारा खुद्द ॲपलनेच दिलेला आहे.

आणखी एक. रिसीव्हर वेग मोजतो तो सिग्नलच्या डॉप्लर बदलावरून, त्यामुळे वेगाचा आलेख नकाशावरच्या रेघेपेक्षा जास्त भरवशाचा असतो. १०-१२ मीटर रुंद ट्रॅकवर २-३ मीटरची चूक असताना ‘तुझी लाइन आत होती, माझी बाहेर’ हा वाद नकाशावरून घालण्यात अर्थ नाही.

‘टॉप स्पीड बघा’

मेसेजमधला सगळ्यांत महागात पडणारा सल्ला हाच. समजा, वळणातून तुम्ही ताशी ७० ने बाहेर पडता आणि पुढे ४०० मीटरचा स्ट्रेट आहे. गाडी सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद या दराने वेग घेते असं धरलं, तर टोकाला ताशी १६० लागतात आणि वेळ १२.५२ सेकंद. आता ताशी ७३ ने बाहेर पडा: टोकाला १६१.४, वेळ १२.२८. म्हणजे जवळपास पाव सेकंद कमावला, आणि टॉप स्पीडमध्ये दिसला जेमतेम दीड किलोमीटरचा फरक. प्रत्यक्षात वेग चढेल तसा इंजिनाचा रेटा कमी पडतो, म्हणून हा फरक आणखी बारीक होतो. समोरचा वारा किंवा पुढच्या गाडीच्या आडोशाने मिळणारी ओढ त्याला सहज गिळून टाकते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरभराचा स्ट्रेट आहे. तिथे बघायचा आकडा तिसऱ्या वळणातून निघतानाचा.

‘ब्रेक उशिरा मारा’

याचाही हिशोब करून बघू. ताशी १६० वरून ७० वर यायचं आहे. ब्रेक ५ मीटर उशिरा मारला, तर ते ५ मीटर ७० ऐवजी १६० ने कापले जातात: ०.२६ ऐवजी ०.११ सेकंद. कमाई सुमारे ०.१४, तीही वळणातला वेग आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) उघडायची जागा तीच राहिली तर. घाईत ॲपेक्स (वळणाच्या आतल्या कडेला टेकायचा बिंदू) चुकला, थ्रॉटल उशिरा उघडला आणि निघताना ताशी ३ किमी गेले, की वरच्या हिशोबाने ०.२३ गेले. ब्रेक उशिरा मारल्याचा थरार अंगाला जाणवतो, निघतानाचं नुकसान जाणवत नाही. फसगत इथेच होते.

वेगाच्या आलेखात आधी स्ट्रेटच्या टोकाच्या शिखराचा आकार बघा. शिखर टोकदार असेल तर थ्रॉटल सोडून लगेच ब्रेक धरलाय. घुमटासारखं गोल असेल तर मध्ये गाडी नुसतीच घरंगळतेय. तो वेळ परत मिळवायला ब्रेकची खूण पुढे ढकलावी लागत नाही.

‘बेस्ट लॅप पुरे’

पाच लॅपमध्ये दोन सेकंदांचा चढउतार असेल, तर टायरमधली २ पीएसआय हवा बदलून मिळालेले ०.३ सेकंद हा योगायोगही असू शकतो. पहिला, शेवटचा आणि गर्दीत अडकलेला लॅप वगळून उरलेल्यांचा पसारा बघा. ॲप ट्रॅकचे तुकडे, म्हणजे सेक्टर, पाडून प्रत्येकातल्या सर्वोत्तम वेळांच्या बेरजेने ‘आदर्श लॅप’ दाखवतं; तोही जपूनच घ्या. सेक्टर तीन-चारच ठेवा, सीमा स्ट्रेटवर आखा. सीमा ब्रेकिंगमध्ये पडली तर एका सेक्टरात कमावलेलं पुढच्यात गमावलेलं असतं, आणि बेरजेत फक्त कमाई दिसते.

‘डेटा फॅक्टरी टीमचं काम’

चेन्नईजवळचा मद्रासचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. पुण्याहून तिथवर गाडी ट्रेलरवर न्यायची आणि सेशन मिळायचं पंधरा-वीस मिनिटांचं. कमी लॅप मिळणाऱ्यालाच प्रत्येक लॅपमधून जास्त काढावं लागतं.

काम दहा मिनिटांचं आहे. सर्वांत वेगवान स्वच्छ लॅप आणि त्याच्यापेक्षा अर्धा सेकंद मागचा लॅप ॲपमध्ये एकमेकांवर ठेवा. आडव्या अक्षावर वेळ नको, अंतर घ्या. आलेखाखालची, दोन लॅपच्या वेळेतला फरक दाखवणारी रेघ जिथे सर्वांत तिरकी होते, तिथे वेळ गळतोय. पण कारण बहुधा थोडं अलीकडे असतं, म्हणून वेगाचा आलेख तिथून मागे वाचत जा. पुढच्या सेशनला तेवढं एकच वळण हातात घ्या.

कारमध्ये ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती देणाऱ्या सॉकेटला) स्वस्त ब्लूटूथ ॲडॅप्टर लावून थ्रॉटल आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतात. दोनच मागा. तो एकेक माहिती विचारून आणतो, यादी वाढवली की प्रत्येकीचा दर पडतो. ब्रेकचा दाब तिथून मिळत नाही, पण वेग किती झपाट्याने उतरतोय हे जीपीएसच्या आलेखातच दिसतं.

टायमिंगला परवानगी आहे का, हे मात्र आयोजकाला आधी विचारा. ब्रिटनमधल्या अनेक ट्रॅक डेंना विम्याच्या अटींमुळे लॅप मोजायला मनाई असते. आणि परवानगी असली तरी चालू लॅपचा फरक दाखवणारा स्क्रीन बंद ठेवा. आकडे पिटमध्ये (ट्रॅकबाहेर गाडी थांबवायच्या जागेत), हेल्मेट काढल्यावर.