अनुकंपी चेतापेशींचा 'अखंड खांब' : एक खुलासा

'सस्तन प्राण्यांच्या मेरुरज्जूत अनुकंपी चेतापेशींचा वरपासून खालपर्यंत एकसंध खांब असतो,' असे विधान अभ्यासाच्या टिपणांतून फिरते आहे. (मेरुरज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू; अनुकंपी पेशी म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या, sympathetic, चेतासंस्थेच्या पेशी.) ते विधान दोन ठिकाणी चुकते.

माणसात या पेशी साधारण छातीच्या पहिल्या खंडापासून कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडापर्यंतच असतात. मानेच्या बहुतेक भागात आणि त्रिकास्थी (कमरेखालच्या, माकडहाडाच्या वरच्या) भागात त्या नसतात. त्रिकास्थी भागातल्या तशाच दिसणाऱ्या पेशी परानुकंपी, म्हणजे विश्रांतीच्या वेळची कामे पाहणाऱ्या संस्थेच्या, असतात.

दुसरी चूक अधिक खोलवर रुजलेली आहे. आडवा छेद घेतला की करड्या द्रव्याच्या (पेशींनी भरलेल्या आतल्या भागाच्या) कडेला पार्श्वशृंग, म्हणजे बाजूला आलेले छोटे टोक, दिसते, आणि सलग खांबाची कल्पना तिथूनच येते. पण उंदरासारख्या प्राण्यांत मेरुरज्जूचा उभा, डावी-उजवी बाजू एकत्र दाखवणारा छेद पाहा: पेशी घोळक्याघोळक्याने बसलेल्या, मध्ये मोकळी जागा. बहुसंख्य पेशी पार्श्वशृंगातच असल्या, तरी काही बाहेरच्या पांढऱ्या द्रव्यात (तंतूंच्या भागात), काही आत मध्यनालिकेकडे (मेरुरज्जूच्या मधल्या बारीक नळीकडे) असतात. घोळक्यांतून निघालेल्या शाखिकांच्या (पेशींच्या संदेश घेणाऱ्या फांद्यांच्या) जुड्या आडव्या आत जातात, म्हणून सगळी रचना शिडीसारखी दिसते. आकृती काढताना या पायऱ्या गाळू नयेत.

आणखी एक: या पेशी थेट हृदयापर्यंत पोहोचत नाहीत. त्यांचे तंतू मेरुरज्जूबाहेरच्या गुच्छिकांत (चेतापेशींच्या गाठींत) संपतात, पुढचा तंतू तिथल्या पेशीचा. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा गाभा मात्र अपवाद. तिथे ते थेट जातात.