वाचताना नजर उड्या मारते, तो दोष नव्हे

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश फिरतोय: ‘वाचताना मुलाची नजर उड्या मारत असेल, तर मेंदूत दोष आहे.’ हे साफ चूक आहे. निरोगी नजरही ओळीवरून सलग सरकत जात नाही. ती साधारण पाव सेकंद थांबते, मग 20 ते 40 मिलिसेकंदांत पुढे झेपावते, मधूनच मागेही येते. बारीक अक्षर दिसतं ते दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, मधल्या इवल्याशा खळग्यात, म्हणून शब्द तिथे आणावाच लागतो. डोळ्यांकडून आलेल्या माहितीवरून मेंदू पुढचं ठिकाण ठरवतो. मग मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागातून, दोन्ही डोळ्यांच्या सहा-सहा स्नायूंना एकाच वेळी हुकूम सुटतो.

एक डोळा मिटा, पापणीवर बोट अलगद टेकवा आणि दुसऱ्या डोळ्याने वाचा. बुबुळाचे धक्के बोटाला कळतील. नजर सलग सरकते ती हलत्या वस्तूमागे, सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून जाणाऱ्या रिक्षामागे सरकते तशी. तेव्हा ‘नजर स्थिर ठेव’ म्हणून पोरांना कृपया दटावू नका.

मात्र एका जागी बघतानाही डोळे थरथरत असतील किंवा एक डोळा वळतच नसेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. अचानक दोन-दोन दिसू लागलं, तर त्याच दिवशी.